गाडीतला वायरलेस सेट डिजिटल केला म्हणजे बोलणं गुप्त झालं का?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका कॅश व्हॅन कंपनीत गाड्यांचं पाहतो. आमच्याकडे १४ गाड्या, सगळ्यांत आधी ॲनालॉग व्हीएचएफ सेट होते, डॅशबोर्डखाली बसवलेले २५ वॉटचे. मागच्या वर्षी विक्रेत्याने सांगितलं की डिजिटल घ्या, बाहेरचा कोणीच ऐकू शकत नाही, आणि आम्ही सगळे सेट बदलले. लायसन्स आहे, रिपीटर (सिग्नल पकडून पुढे लांबवर पाठवणारं यंत्र) आहे, सगळं रीतसर आहे.
आता झालं असं की आमच्या अकाउंटंटचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो त्याचं ते रेडिओ पकडणारं यूएसबीचं डोंगल घेऊन ऑफिसात आला, तीन हजारांच्या आसपासची वस्तू, लॅपटॉपला लावलं, खिडकीत छोटा अँटेना ठेवला आणि दहा मिनिटांत आमच्या ड्रायव्हरचा आवाज स्पीकरवर! गाडी नंबर, बँकेच्या शाखेचं नाव, किती वाजता निघतो, सगळं. मला घाम फुटला भाऊ. त्या गाडीत चार माणसं असतात, त्यातल्या दोघांची लेकरं माझ्या पोराच्या शाळेत आहेत.
विक्रेता आता फोनवर म्हणून राहिला की सेट डिजिटलच आहेत, काही प्रॉब्लेम नाही. मग हे ऐकू कसं आलं? सगळ्याच गाड्या ऐकू आल्या नाहीत हेही सांगतो, काहींचा नुसता बुडबुड आवाज येत होता. जाणकारांनी समजावून सांगा, मी मेकॅनिकल लाइनचा माणूस आहे.

बिनतारी_अण्णा
वैनगंगाकाठ, पहिलं म्हणजे त्या पोराचे आभार माना. आणि त्याला सांगा की पुन्हा करायचं तर तुमच्या लेखी परवानगीने, तुमच्याच चॅनलवर.
मी ३१ वर्षं गाड्यांत सेट बसवतोय, जीप, ॲम्ब्युलन्स, खाणीतले डंपर, सगळं. डिजिटल आणि गुप्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकताना त्या एकत्र बांधून विकल्या जातात, याचा मला फार राग आहे कारण किंमत गाडीतली माणसं मोजतात.
तुमचे सेट बहुतेक डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, या प्रकारचे असणार. डीएमआर हे युरोपातल्या एत्सी संस्थेचं खुलं मानक आहे, २००५ साली आलेलं. खुलं म्हणजे कागद कोणीही उतरवून घ्यावा आणि वाचावा. माइकमध्ये बोललात की आतला व्होकोडर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग, तुमच्या आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचं वर्णन फक्त ४९ बिटांत लिहितो: स्वर किती उंच, घशातून येतोय की नुसती फुसफुस आहे, कुठल्या पट्टीत किती जोर. म्हणजे सेकंदाला २४५० बिट. त्यावर चुका दुरुस्त करायला आणखी ११५० चढवतात, झाले ३६००. पलीकडचा सेट त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवतो. एका १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलमध्ये ३०-३० मिलिसेकंदांच्या आळीपाळीने दोन संभाषणं बसतात, म्हणून तुमच्या एकाच रिपीटरवर दोन गट बोलू शकतात. हा डिजिटलचा खरा फायदा आहे, फ्रिक्वेन्सी वाचते, बॅटरी वाचते, काठावरच्या सिग्नलला खरखर येत नाही.
पण यात कुलूप कुठे आलं? हे म्हणजे मोडी लिपीत पत्र लिहिण्यासारखं आहे. ज्याला मोडी येत नाही त्याला कळणार नाही, पण मोडी शिकणं काही गुन्हा नाही न. २० वर्षांपूर्वी ती लिपी वाचणारं यंत्र महाग होतं, आज ते भाच्याच्या लॅपटॉपमध्ये फुकट आहे.
कुलूप वेगळं लावावं लागतं. प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर उघडा, प्रत्येक सेटच्या प्रत्येक चॅनलला प्रायव्हसी किंवा एन्क्रिप्शन असा रकाना दिसेल. तिथे काय लिहिलंय ते इथे सांगा. 'की', म्हणजे त्या कुलपाची किल्ली असलेला आकडा, इथे टाकू नका चुकूनही, फक्त प्रकार सांगा.

हॅम_सांगलीकर
अण्णा मोडीचं उदाहरण एक नंबर. मी हौशी रेडिओवाला, गाडीत डीएमआर सेट आहे, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात रोज बोलतो. आमच्याकडे तर उलटा नियम आहे, हॅमला अर्थ लपवणारी भाषा वापरताच येत नाही, आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच तसं आहे. सेटमध्ये एन्क्रिप्शनचा पर्याय असतो तरी आम्ही तो बंद ठेवतो. त्यामुळे नवीन कुणी सेट घेतला की पहिला प्रश्न हाच, डिजिटल आहे मग ऐकू कसं येतं सगळ्यांना. ऐकू येतं कारण ते ऐकू यावं म्हणूनच आहे.
एक भर घालतो, कलर कोड आणि टॉकग्रुप नंबर (बोलणाऱ्या गटाचा क्रमांक) याला पण लोक पासवर्ड समजतात. कलर कोड ० ते १५ असतो, तो फक्त शेजारचा रिपीटर आपल्यात मिसळू नये म्हणून. त्या डोंगलवाल्याला तो स्क्रीनवर आपोआप दिसतो.

वैनगंगाकाठ
अण्णा, काल रात्री सगळे सेट केबल लावून वाचले, एकला बसलो होतो, दोन वाजले. ९ गाड्यांत 'बेसिक' लिहिलंय आणि की नंबर १. उरलेल्या ५ गाड्यांत काहीच नाही, रकाना कोरा. ह्या ५ गाड्या दिवाळीनंतर आल्या होत्या.
मला एक समजून नाही राहिलं. ९ ला कुलूप आणि ५ ला नाही, तरी वर्षभर सगळे एकमेकांशी बोलत होते, कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. असं कसं?

बिनतारी_अण्णा
ही खरी मेख आहे आणि बहुतेक ठिकाणी घात इथेच होतो. कुलूपवाला सेट बिनकुलपाचं बोलणं मुकाट्याने ऐकवतो, तक्रार करत नाही. कोणी कोरा बोलला तर त्याला उघडं समजून वाजवतो, कोणी की लावून बोलला तर की लावून वाजवतो. आता उलट बाजू, त्या ५ गाड्यांना तुमच्या ९ गाड्यांचं बोलणं नुसतं बुडबुड ऐकू यायला हवं होतं. चालकांना विचारून बघा, मला वाटतं ते म्हणतील की हो, कधीकधी आवाज फाटायचा, आम्हाला वाटलं रेंज नाही. आणि कंट्रोल रूम त्यांच्याशी कुठल्या चॅनलवर बोलत होती तेही बघा.

वैनगंगाकाठ
विचारलं. अगदी हेच. म्हणे "दुसऱ्या गाड्यांचा आवाज पाण्यात बोलल्यासारखा यायचा, कंट्रोलचा साफ यायचा". कंट्रोलच्या टेबलावरच्या सेटमध्ये चॅनल १ कोरा आहे. म्हणजे कंट्रोल तर सगळ्यांशीच उघडं बोलत होता वर्षभर. गाड्यांना रूट कंट्रोलच सांगतो.

जर्सीची_मीनल
हे वाचून अंगावर काटा आला, कारण हा अगदी अभ्यासलेला प्रकार आहे. मी जर्सी सिटीत राहते, इथल्या एका स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकात आहे. २०११ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणांच्या रेडिओवर काम केलं होतं. त्यांची यंत्रणा पी-२५ या डिजिटल रेडिओ मानकाची, चांगलं एन्क्रिप्शन असलेली. यांनी कुलूप तोडलंच नाही, नुसतं बसून ऐकलं आणि मोठ्या शहरांत रोज सरासरी वीसेक मिनिटांहून जास्त संवेदनशील बोलणं उघड्यावर सापडलं. पाळतीवरचे अधिकारी, समोरच्या माणसाचं वर्णन, सगळं. कारण हेच, कुणाच्या सेटची कळ चुकून उघड्यावर फिरलेली, कुणाची की जुनी झालेली, आणि समोरच्याला काही कळत नाही कारण त्याला नीट ऐकू येतंय.
त्यांनी अजून एक दाखवलं होतं, कुलूप लावलेलं असलं तरी सेटचा ओळख क्रमांक बऱ्याचदा उघडाच जातो. म्हणजे काय बोलले ते नाही कळलं तरी कोण बोललं आणि आत्ता जवळपास आहे का हे कळतं.
नदीपलीकडे न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून ब्रुकलिनपासून सुरुवात करून आपले चॅनल बंद करायला घेतले. त्यावर इथे फार वाद झाला, पत्रकार म्हणाले आम्ही दशकानुदशकं स्कॅनर ऐकून घटनास्थळी पोचायचो, स्वयंसेवी ॲम्ब्युलन्सवाल्यांचंही तेच म्हणणं. मलाही पोलिसांचं सगळंच बंद करणं पटत नाही, लोकांच्या पैशावर चालणारी यंत्रणा लोकांना थोडी तरी ऐकू यायला हवी. पण कॅश व्हॅनचा रूट लोकांनी ऐकायचं काहीच कारण नाही, तिथे कुलूप हवंच.
जाता जाता, दोन्ही बाजूंनी बोलता येणारा गाडीतला पोलीस रेडिओ १९३३ साली पहिल्यांदा सुरू झाला तो आमच्याच जिल्ह्यातल्या बेयॉन गावात. त्याआधी १९२८ ला डेट्रॉइटच्या गाड्यांत होता पण तो एकतर्फी, पोलिसांनी नुसतं ऐकायचं. मी त्या गावावरून रोज जाते.

कळफलक
सिक्युरिटीत काम करतो, बंगळुरू. 'बेसिक' या शब्दावर थांबा जरा. ती ९ गाड्यांची बेसिक प्रायव्हसी म्हणजे कुलूप नाही, दाराला लावलेली सुतळी आहे. त्यात एकूण २५५ ठरलेल्या की असतात, आणि प्रत्येक की म्हणजे ४९ बिटांचा एक ठरलेला साचा, जो प्रत्येक २० मिलिसेकंदांच्या तुकड्यावर तसाच्या तसा चढवतात. साचा बदलतच नाही. २५५ पर्याय संगणकाला डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासता येतात, आणि तुम्ही तर १ नंबर ठेवलाय, जो कोणीही आधी बघेल. भाच्याने प्रयत्न केला असता तर ते ९ पण ऐकू आले असते.
त्याच्या वरची पायरी ४० बिटांच्या कीची, आरसी-४ या कुलपाच्या पद्धतीवर चालणारी. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी की. ऐकायला प्रचंड वाटतं पण आजच्या ग्राफिक कार्डापुढे फार नाही. १९९८ साली अमेरिकेत ५६ बिटांचं डीईएस हे जुनं कुलूप खास बनवलेल्या यंत्राने ५६ तासांत फोडलं होतं, आणि ५६ बिट हे ४० बिटांच्या ६५ हजारपट आहे. त्यामुळे पैसे खर्च करताय तर सरळ २५६ बिटांचं एईएस हे कुलूप घ्या. २००१ सालचं मानक आहे, सगळ्या जगाने बघितलंय, ठोकून पाहिलंय.
सगळ्या जगाने बघितलंय हे मी मुद्दाम लिहितोय. युरोपात आणि आपल्याकडेही मेट्रोत वगैरे टेट्रा नावाची रेडिओ यंत्रणा चालते. तिचे एन्क्रिप्शनचे अल्गोरिदम, म्हणजे कुलपाची रीत, ९० च्या दशकापासून गुप्त ठेवले होते. २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या डच गटाने एका सेटमधून ते बाहेर काढून तपासले तेव्हा टीईए-१ नावाच्या प्रकारात असं निघालं: की ८० बिटांची म्हणून विकलेली, आत ती ३२ बिटांवर आणून ठेवलेली. ३२ बिट म्हणजे ४२९ कोटी, साध्या संगणकावर मिनिटांचं काम. इतकी वर्षं लोक भरवशाने बोलत होते. ते बाहेर आल्यावर मग एत्सीने अल्गोरिदम खुले करायचं ठरवलं. म्हणून विक्रेता "आमचं स्वतःचं खास गुप्त तंत्र आहे" म्हणाला की उठून या.

हॅम_सांगलीकर
३२ बिट!! काय बोलायचं राहिलंच नाही. हे कोणी मुद्दाम केलं होतं का?

कळफलक
मिडनाइट ब्लूवाल्यांनी त्याला सरळ मागचं दार म्हटलं. एत्सीचं म्हणणं त्या काळच्या निर्यातीच्या नियमांप्रमाणे ताकद ठरवली होती. माझ्यापुरतं सांगतो, विकत घेणाऱ्याला ८० सांगून ३२ देणं याला मी फसवणूक म्हणतो, कारण काहीही असो.

रुग्णवाहिका_ताई
मी चिपळूणजवळ रुग्णवाहिकांचं कंट्रोल बघते. थोडं वेगळं मत मांडते, कृपया समजून घ्या.
२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडे मोबाइल गेले, वीज गेली, गाडीतला सेट तेवढा राहिला कारण तो गाडीच्या बॅटरीवर चालतो. त्या दिवशी दुसऱ्या संस्थेच्या गाडीशी बोलता आलं ते त्यांचा आणि आमचा एक चॅनल साधा ॲनालॉग होता म्हणून. तिथे जर मी २५६ बिट घालून बसले असते तर शेजारच्या गाडीला मी नुसती बुडबुड ऐकवली असती आणि पाणी तर चढत होतं. त्यामुळे सगळं कुलूपबंद करा म्हणणाऱ्यांनी एक उघडा चॅनल ठेवायलाच हवा, मग तुम्ही कॅश व्हॅन असा की काही. रस्त्यात अपघात झाला, गाडी पेटली, तर मदत कोणाकडे मागणार?
दुसरं आवाजाबद्दल. आमच्या गाड्या डिजिटल झाल्या त्यावर पहिला महिना नुसता वैताग. सायरन चालू असताना चालक बोलला की आवाज अक्षरशः विरघळतो. ॲनालॉगला सायरनच्या मागे माणूस ऐकू तरी यायचा. व्होकोडर माणसाच्या आवाजासाठी बनवलेला आहे त्यामुळे त्याला सायरन पण माणूसच वाटतो की काय देव जाणे. आणि आकडे! एकोणसाठ आणि एकोणसत्तर मध्ये दोनदा गोंधळ झाला, एकदा गाडी चुकीच्या किलोमीटरच्या दगडाकडे गेली. तेव्हापासून नियम केलाय की आकडा एकेक बोलायचा, पाच नऊ, सहा नऊ, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. पेशंटचं नाव मात्र सेटवर कधीच नाही, कुलूप असो नसो.

बिनतारी_अण्णा
ताई, तुमचं दोन्ही म्हणणं बरोबर आहे. सायरनची गोष्ट अमेरिकेतल्या अग्निशमनवाल्यांनीही मांडली होती, त्यांच्या करवती, पंप, धोक्याचा अलार्म वाजत असताना डिजिटलवर माणूस कळेना. २००८ साली तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने चाचण्या घेतल्या, आणि गोंगाटात बऱ्याच ठिकाणी जुना ॲनालॉगच बरा ठरला. उपाय साधा आहे. माइक तोंडापासून दोन बोटांवर धरायचा, हाताचा तळवा आडवा लावायचा, ओरडायचं नाही, आणि सायरनचा भोंगा गाडीच्या पुढच्या बंपरकडे हलवायचा, केबिनच्या डोक्यावर ठेवायचा नाही. आमच्या एका ॲम्ब्युलन्सला नुसता भोंगा हलवून अर्धा त्रास गेला.
डिजिटलमध्ये सिग्नल जाताना पण फरक आहे हे चालकांना सांगायला हवं. ॲनालॉग हळूहळू खरखरत जातो, माणसाला कळतं की रेंज सुटतेय, तो चढावर जाऊन थांबतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम कडेलोट. घाटात हे फार जाणवतं.
वैनगंगाकाठ, आता तुमचं. मी असं करीन.
कंट्रोलचा सेट आधी. तिथून सगळं फुटतंय. मग १४ ही गाड्यांना एईएस, पण त्याआधी तुमच्या सेटना ते लायसन्स भरून चालू होतं का की मुळात हार्डवेअरच नाही हे बघा, काही स्वस्त मॉडेलमध्ये एईएस नसतंच. ज्या चॅनलला कुलूप आहे त्यावरून ते काढायची कळ चालकाच्या हातात ठेवूच नका, माइकवरचं बटण प्रोग्रॅममधूनच काढा. मीनलताईंनी सांगितलेल्या अभ्यासातला मुख्य धडा हाच आहे, कळ असली की ती एक दिवस चुकीच्या बाजूला असते.
ताई म्हणतात तसा एक उघडा चॅनल ठेवा, पण तो वेगळ्या टोकाला, आणि त्यावर गेल्यावर सेटने टूंटूं आवाज करावा असं सेटिंग करा म्हणजे अंधारातही चालकाला कळेल की आपण उघड्यावर आहोत.
की कोण बनवणार? विक्रेत्याने नाही. तुम्ही आणि तुमच्या मालकांनी बसून यादृच्छिक आकडे काढायचे, एका पाकिटात तिजोरीत, आणि सॉफ्टवेअरची फाइल ज्या लॅपटॉपवर आहे तो लॅपटॉप पण तिजोरीच्याच तोडीचा समजायचा. मी एका ठिकाणी अशी फाइल सर्व्हिसवाल्याच्या व्हॉट्सॲपवर फिरताना बघितली आहे. गाडी चोरीला गेली, सेट हरवला, कामावरून माणूस गेला, की त्या आठवड्यात सगळ्या १४ गाड्यांची की बदलायची. दूरवरून सेट मारून टाकायची सोय असते, ती वापरा, पण चोराने अँटेना काढून ठेवला तर ती आज्ञा पोचत नाही, म्हणून की बदलणं चुकत नाही.
आणि लायसन्सचा कागद काढा. त्यावर उत्सर्जनाचा प्रकार, म्हणजे सेट कसला सिग्नल सोडतो त्याचा कोड, लिहिलेला असतो. ॲनालॉगचा ११के०एफ३ई असा काहीतरी असेल, डीएमआर आवाजाचा ७के६०एफएक्सई लागतो. सेट बदलले पण कागद बदलला नाही अशी निम्मी मंडळी मला भेटतात. एन्क्रिप्शनबद्दल अटींत काय आहे तेही डब्ल्यूपीसीला, म्हणजे वायरलेसचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या खात्याला, लेखी विचारून घ्या, फोनवरचं उत्तर धरू नका. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून आपल्याकडे सेट नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागायचा, हे खातं कागदावर चालतं.

जर्सीची_मीनल
अण्णा, ओळख क्रमांकाचं पण सांगा ना. कुलूप लावल्यावरही गाडी नंबर १०३ बोलली हे दिसणारच ना?

बिनतारी_अण्णा
दिसणार. म्हणून सेटचा आयडी आणि गाडीचा नंबर जुळवू नका. माझ्या पाहण्यात बहुतेक सगळे एमएच अमुक ४५२१ ला आयडी ४५२१ देतात, सोयीचं वाटतं म्हणून. आडवेतिडवे द्या आणि वर्षातून एकदा फिरवा. जीपीएस सेटमधूनच पाठवत असाल तर ती माहिती पण कुलपात जाते का ते वेगळं तपासा. आणि सगळ्यात साधं, गाडी बँकेच्या दारात पोचल्यावर रोज ठरलेल्या वेळी बोलायची सवय मोडा. कॉलचा अर्थ कळला नाही तरी ११ वाजून ५ मिनिटांनी रोज एक कॉल येतो हे ऐकणाऱ्याला कळतंच.

हॅम_सांगलीकर
आमच्याकडे आधी साखर कारखान्याच्या गट ऑफिसला वायरलेस होता, ॲनालॉग, कुठल्या फडात टोळी आहे आणि किती ट्रक निघाले ते त्यावर सांगायचे. शेजारच्या कारखान्यावाले ऐकायचे हे सगळ्यांना माहीत. म्हणून आमचे शेतकी अधिकारी गावांना वेगळी नावं वापरायचे. वडील तिथे होते, त्यांना अजून ती नावं पाठ आहेत.

वैनगंगाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. थोडा उशीर झाला, २२ दिवसांनी लिहितोय.
मालकांना अण्णांचा प्रतिसाद प्रिंट काढून दिला. विक्रेता आला, आधी म्हणाला बेसिक पुरेसं आहे, मग भाच्याने त्याच्यासमोर चॅनल लावला, मग गप्प झाला. आमच्या ९ सेटमध्ये एईएस निघालं, लायसन्स भरून चालू झालं. नंतर आलेले ५ सेट दुसरं स्वस्त मॉडेल निघाले, त्यात एईएस नाहीच. ते परत घेत नाही म्हणतात. मालकांनी नवीन पाच सेटची ऑर्डर दिली आहे, तोपर्यंत त्या ५ गाड्या फक्त एटीएमची मशीन दुरुस्तीची माणसं नेतात, कॅश नाही.
कंट्रोलचा सेट पहिल्याच दिवशी केला. माइकवरचं बटण काढलं. उघडा चॅनल १६ वर ठेवला आहे, त्यावर गेलं की टूंटूं वाजते. आयडी बदलले. ठरलेल्या वेळेचा कॉल बंद केला, आता शाखेतल्या लँडलाइनवरून पोचल्याचं सांगतात. लायसन्सवर खरंच जुनाच ॲनालॉगचा प्रकार होता, दुरुस्तीचा अर्ज दिला आहे आणि एन्क्रिप्शनबद्दलचं पत्र पण सोबत लावलं.
भाच्याला परवानगीचं पत्र देऊन परत बसवलं. काल तीन तास बसला. ९ गाड्यांचा फक्त बुडबुड आवाज. मी मुद्दाम शेजारी उभा राहून ऐकला, पहिल्यांदाच तो आवाज ऐकून बरं वाटलं.
एकच अडचण राहिली आहे अण्णा. दोन मोठ्या गाड्या २४ व्होल्टच्या आहेत, त्यात इंजिन चालू असताना बोललं की आवाजात बारीक शिट्टी येते आणि कधी मधेच आवाज तुटतो. इंजिन बंद केलं की साफ.

बिनतारी_अण्णा
२४ चं १२ करणारा कन्व्हर्टर कुठला लावलाय? स्वस्तातला असेल तर तोच रेडिओ बँडमध्ये कचरा ओततो. फोटो टाका, आणि सेटची वायर बॅटरीवरून थेट घेतली आहे की फ्यूज बॉक्सवरून ते सांगा. अँटेना छताच्या मध्यावर आहे ना? १५० मेगाहर्ट्झच्या आसपास असाल तर दांडी साधारण ५० सेंटीमीटरची हवी, बंपरला लावली असेल तर आधी ती हलवा.